कोल्ला की कोल्लु

अण्णा, तू गेल्यापासून घरात जो येतो तो तुला संत करून जातो, आणि मला ते अजिबात मान्य नाही.

तेरा दिवस मी हे ऐकलं. तुझे शाळेतले जुने सहकारी, आपल्या गल्लीतले लोक, चेन्नैहून आलेली चुलत भावंडं, सगळ्यांकडे एकच गोष्ट. मास्तरांनी तरुणपणी एक कोल्ही मारायला लावली, तिचं पाप लागलं, आणि मग जन्मभर इन्नंबूरच्या शेतात कोल्हे राखून त्यांनी प्रायश्चित्त केलं. सांगता सांगता डोळे पुसायचे. मी समोर बसून कॉफीचे रिकामे पेले उचलायची आणि तोंड उघडायची नाही. माझ्या तोंड उघडण्याचा काय लौकिक आहे, ते तुला वेगळं सांगायला नको.

संत म्हणे! तू हट्टी होतास. टोमणे मारण्यात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं. गणिताच्या पेपरात अर्ध्या मार्कासाठी मुलांना रडवायचास आणि घरी येऊन ते हसत सांगायचास. आणि त्या कोल्हीच्या बाबतीत तर तू काही म्हणजे काही केलं नव्हतंस. हे तिघांना माहीत होतं, तू, मी आणि माणिक्कम्. माणिक्कम् सहा वर्षांपूर्वी गेला. आता तूही गेलास, म्हणजे सगळं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवून दोघं मोकळे झालात.

तर आता मीच सांगते, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.

संक्रांत होऊन महिना झाला होता. भाताची कापणी आटोपली होती आणि शेतात नुसती खुंटं उभी होती. मी अठरा वर्षांची, तू चोवीस. माणिक्कम् हा आपल्या शेतातले उंदीर धरणारा. त्याच्या बापापासून ते काम त्यांच्याकडे होतं. संध्याकाळी तो बांधाबांधावर किट्ट्या लावून जायचा. बांबूची पट्टी वाकवून दोरी ताणलेले ते सापळे तू त्याच्याकडून हट्टाने शिकलास, आणि कोर्टात शिरस्तेदार असलेल्या आपल्या बाबांना वाटायचं की पोरगा शेतावर हिशेबी नजर ठेवायला जातो. कांदासुद्धा एकादशीला चालत नाही अशा घरातला मुलगा पहाटे उठून उंदीर सोडवत बसलाय, हे त्यांना कळलं असतं तर तेव्हाच तुला घराबाहेर काढलं असतं. उंदीर माणिक्कम्च्या घरी शिजायचे. तुला फक्त धरण्यात रस होता.

त्या सकाळी किट्ट्यांचा दिवस नव्हता, धुराचा होता. शेताच्या मध्यावर आपलं ते तिडल, नांगर न लागलेलं उंचवट्याचं पडीक, त्यावर तीन ताड आणि केवड्याचं रान. त्याच्या पायथ्याशी मोठमोठी बिळं होती आणि माणिक्कम् म्हणाला आत घुशी आहेत, भात साठवून बसल्यात. त्याने मडक्यात ओला पेंढा पेटवला, मडक्याचं तोंड बिळाला लावलं आणि बुडाच्या भोकातून फुंकायला लागला. तू दुसरं एक बीळ मातीने बुजवत होतास. आणि मला, हौसेने मागे लागून आलेल्या मला, तू तिडलाच्या पलीकडच्या बाजूला तिसऱ्या बिळापाशी उभं केलंस. म्हणालास, "सरसू, तूं तिथं थांब. काय निघतंय तें ओरडून सांग." मग तू माणिक्कम्ला सांगितलंस की पाप्पा, म्हणजे त्यांच्या बोलीत धाकटी पोर, मी, ओरडली की काठी घेऊन तिकडे धाव.

मी बघत होते. धूर आधी बारीक आला, मग भसाभसा आला. आणि त्या धुरातून घूस नाही, उंदीर नाही, कोल्ही निघाली. माझ्यापासून दोन हातांवर. तिचे कान मागे चिकटलेले, डोळे धुराने मिटलेले. मी ओरडले.

आपल्या घरात कोणी कोल्हा म्हणत नाही. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून, तमिळ बोलून आपल्या जिभेवरचा तो ह कधीच गळून पडलाय. आपण कोल्ला म्हणतो. आणि तमिळमध्ये कोल्लु म्हणजे ठार मार. मी ओरडले, माणिक्कम् धावत आला आणि त्याने एका काठीत तिला आडवी केली. मग तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाप्पा, तुम्हीच सांगितलंत ना?" असं त्याने तमिळमध्ये विचारलं. ती अंगावर पाजणारी मादी होती. हे आपल्याला तिला उलटी केल्यावर कळलं.

तू चार दिवस त्या बिळापाशी वाटीत दूध घेऊन बसलास. पिल्लं बाहेर आली नाहीत. पाचव्या दिवशी दूध संपलेलं होतं, पण ते पिल्लांनी प्यायलं की मांजराने, ते तू कधी खात्रीने सांगू शकला नाहीस. मला विचारशील तर मांजरानेच.

बातमी गावातून बाबांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. ओसरीवर त्यांनी आपल्या तिघांना उभं केलं. माणिक्कम्चा चेहरा मी अजून बघू शकते, त्याला ठाऊक होतं की शेवटी सगळं कोणावर येणार आहे. आणि त्याने तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी सांगितलों मारायला." इतक्या सहज म्हणालास, की मीसुद्धा क्षणभर खरं मानलं.

बाबा म्हणाले, "दूध पाजणारी बाळंतीण मारलास. वरीसभर मज तोंड दाखवूं नकोस." आणि ते बोलल्याप्रमाणे वागले. एक वर्ष तू त्यांच्या पंक्तीला बसला नाहीस. वहिनींशी ठरत आलेलं तुझं लग्न त्यांनी वर्षभर पुढे ढकललं. ज्याच्यामुळे बाळंतीण गेली त्याच्या घरात इतक्यात सून कशी आणायची, म्हणून. तू स्वयंपाकघराच्या दारात एकटा जेवायचास आणि मी तुला वाढायची. आणि मी गप्प.

का गप्प, ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. तर ऐक. त्या वर्षी मला कॉलेजात घालायचं की नाही, यावर बाबांचं अजून ठरत नव्हतं. मी शेतावर जाऊन, बिळापाशी उभी राहून, ओरडून जनावर मारायला लावलं हे कळलं असतं तर कॉलेज तिथेच संपलं असतं. ते मला त्या ओसरीवरच कळलं होतं, तू बोललास त्या क्षणाला. त्या गप्प बसण्यावर माझं कॉलेज झालं, पुण्याची विमा कंपनीतली नोकरी झाली, छत्तीस वर्षं स्वतःच्या किल्लीने स्वतःच्या खोलीचं दार उघडणं झालं. लाज वाटते का? वाटते. पुन्हा तशी वेळ आली तर बोलेन का? अण्णा, आज तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते, नाही बोलणार.

बाबांपुढे तू माझ्यासाठी ढाल झालास, पण मला काही सोडलं नाहीस. त्याच आठवड्यात विहिरीपाशी गाठून म्हणालास, "सरसू, कोल्लु काहाला बोललीस?"

मी म्हटलं, "मी कोल्ला बोलले."

"कोल्लु बोललीस. मी ऐकलों."

"तुझ्या कानांत माती होती. बीळ बुजवत होतास."

झालं. तिथून जो वाद सुरू झाला तो पंचेचाळीस वर्षं. एका कान्याचा आणि एका उकाराचा. मी पुण्याला गेल्यावर तू पत्रं लिहायचास. भाव, पाऊस, बाबांचा गुडघा, आणि शेवटी सहीच्या वर एक शब्द, कोल्लु. मी पोस्टकार्ड पाठवायची, त्यावर पत्ता आणि फक्त कोल्ला. आमच्या पोस्टमनला वाटायचं मी कुठल्या तरी गुप्त खात्यात आहे.

तुझे पुरावे मास्तरी थाटाचे असायचे. तू म्हणायचास की सरसू घाबरली की तमिळमध्ये ओरडते. साप दिसला तेव्हा पांबु ओरडली. शिडीवरून पडली तेव्हा अय्यो ओरडली. मग कोल्ला दिसल्यावरच एकदम मराठी कुठून आली? मी म्हणायची की तू मला काय निघतंय ते सांग म्हणालास, आणि ते मराठीत म्हणालास, म्हणून मी मराठीत सांगितलं. प्रश्न ज्या भाषेत, उत्तर त्या भाषेत. यावर तू म्हणायचास, बरोबर आहे, पण अर्धेच मार्क.

पुण्यात मला माझा ह परत मिळाला. ऑफिसातल्या मैत्रिणी माझ्या मराठीला हसायच्या. आजोबांच्या आजोबांसारखी बोलतेस म्हणायच्या. त्यांनी मला शिकवलं, कोल्ला नाही, कोल्हा. मी घरी येऊन आरशासमोर म्हणून बघायची. आणि एका संध्याकाळी असं म्हणता म्हणता मला रडू फुटलं. अठराव्या वर्षी जिभेवर तो एक ह असता तर ती वाचली असती. मी तुला फोन करून तेच सांगितलं. तू म्हणालास, "पुण्यात ह कुठें मिळतो? मजही थोडा पाठव." मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, कारण राग आला तरी तूच हवा होतास.

तेव्हा आणि नंतरही माझा एकच हेका होता, माणिक्कम्ला विचारू. एका मिनिटात निकाल लागेल. तू मला कधी विचारू दिलं नाहीस. "त्याला विचारलं की त्याला वाटेल आपण त्याच्यावर ढकलतोंय," असं म्हणायचास. आणि खरंच, इतकी वर्षं तो आपल्या शेतात किट्ट्या लावत राहिला, त्याने कधी तो विषय काढला नाही, तू काढला नाहीस. तुम्हा दोघांच्या त्या न बोलण्याचा मला फार मत्सर वाटायचा. माझ्याशी मात्र तू भांडून भांडून जीव नकोसा करायचास.

पोंगलला मी सुट्टी घेऊन यायची तेव्हाची ती एक पहाट आठवते का? तू, मी आणि माणिक्कम् किट्ट्या गोळा करायला निघालो आणि पहिल्या पाच-सहा किट्ट्यांत नुसत्या शेपट्या. माणिक्कम् वैतागला. मग पुढच्या बांधावर दिसला तो, एक तरणा कोल्हा, आपल्या पुढे पुढे चालत एकेक किट्टी रिकामी करत होता, घाई नाही, भीती नाही. मी ढेकूळ उचललं. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "ढेकूळ टाक खालीं. आणि तोंड बांधून ठेव." माणिक्कम् खो खो हसला. मी तिथून तरातरा घरी निघून आले आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला ते चेष्टेतलं वाटलं. मला ते लागलं होतं. आज सांगते, फार लागलं होतं.

आणि ते विषाचं भांडण. त्या वर्षी उंदरांनी उभं पीक निम्मं कापून काढलं होतं आणि शेजारच्या सगळ्या शेतांत विषाच्या गोळ्या टाकत होते. मी पुण्याहून लिहिलं की तूही टाक, हट्ट पुरे झाला. तू उलट टपाली लिहिलंस की उंदीर विष खातो, कोल्हा उंदीर खातो, मग मारला कोणी, ते तूच गणित सोडवून कळव. मी कळवलं की उपाशी मेलास तर कोल्हे तेराव्याला येणार नाहीत. त्या वेळी मला तुझा भयंकर राग यायचा, कारण तू भरत असलेला प्रत्येक दंड माझ्या नावाचा आहे असं मला वाटायचं. मी मागितला नव्हता असा उपकार कोणी रोज करत राहिलं तर माणसाने काय करायचं?

इकडे कोल्ह्याचं तोंड बघणं शुभ मानतात. तुझ्या वर्गातली मुलं परीक्षेच्या आधी सकाळी सायकली घेऊन तिडलापाशी जमायची, आणि तू बांधावरून ओरडायचास की कोल्ह्याचं तोंड बघून समीकरण सुटत नाही, घरी जा. पण मुलं यायची आणि तू त्यांना केवड्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट दिशेला बसायला सांगायचास. हेही मी कालच ऐकलं, तिरुभुवनम्हून आलेल्या तुझ्या एका विद्यार्थिनीकडून. ती म्हणाली, सारनी, म्हणजे तू मास्तरांनी, आम्हाला गप्प बसायला शिकवलं. मला हसू आलं. बहिणीला शिकवता आलं नाही, तिची कसर तिथे काढलीस.

वहिनी गेल्या आणि मी निवृत्त होऊन परत आले. चार वर्षं आपण दोघं म्हातारे त्या घरात सकाळ-संध्याकाळ भांडलो. वर्तमानपत्र आधी कोणी वाचायचं, रसमात मिरं किती, आणि शेवटी फिरून कोल्ला की कोल्लु. माणिक्कम्ची मुलगी सेल्वी आता किट्ट्या लावते. तिचा हात बापापेक्षा हलका आहे, असं तूच म्हणायचास. दोन महिन्यांपूर्वी, पाय सुजलेले असताना, तू हट्टाने रिक्षा करून शेतावर गेलास आणि मला बरोबर यावं लागलं. सूर्य कलला होता. सेल्वी लांबच्या बांधावर किट्ट्या लावत होती. आपण खुर्च्या टाकून बसलो होतो, आणि केवड्यातून एक कोल्ही बाहेर आली. आपल्याला बघून थांबली. दहा हातांवर.

तू हळूच म्हणालास, "आतां काय ओरडतेस?"

मी काही बोलले नाही. ती निघून गेली, उंदरांच्या वासावर.

"बघ. गप्प राहतां येतं तुज," तू म्हणालास. "तेव्हां राहिली असतीस तर."

"तेव्हा मला तिथं ओरडायला उभं केलं कोणी?" मी विचारलं. पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तो माझ्याकडे होता, पण मी तो वापरत नव्हते, एवढ्याचे तरी मार्क तू मला द्यायला हवेस.

तू म्हणालास, "मी."

एवढंच. त्या वेळी मी तुला म्हणायला हवं होतं की अण्णा, ओसरीवर तू बोललास म्हणून मी माणसात आले. ते वर्षभर दारात बसून जेवलास, त्याबद्दल माझ्याजवळ शब्द नाहीत. मी म्हटलं काय, तर डास चावतायत, चल घरी. आता हे कागदावर लिहितेय आणि तुला कागद वाचता येत नाही. तुझ्यासारख्या माणसाने असं वेळेआधी उठून जाणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे.

आता कालचं सांगते. तेरावं झालं. पानं उठली, विडे फिरले, मंडळी सोप्यात बसली. तुझ्या मुलाने, प्रल्हादने, चेन्नैहून एक कागद करून आणला होता. तिरुप्पनंदाळचा एक माणूस आपलं शेत कसायला घेतोय. अट एकच, तिडल सपाट करायचं. मशीन लावून दोन दिवसांत होईल. उंदरांचं तो त्याच्या पद्धतीने बघेल. त्याची पद्धत कुठली ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेत आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून माझी सही.

प्रल्हाद वाईट नाही, अण्णा. तो तुझ्यासारखाच तर्काने बोलतो. म्हणाला, "आत्या, अप्पांच्या हातून जें झालं तें अप्पांनी जन्मभर फेडलं. अस्कं पाप फिटलं. आतां आम्ही काहाला राखायचं?" आणि सोप्यातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच की. प्रायश्चित्त ज्याचं त्याचं असतं, तो गेला की ते संपतं. इतके दिवस डोळे पुसत सांगितलेल्या गोष्टीचा शेवट हाच होता, आणि तो मला आधी कळला नाही.

सही न करणं सोपं होतं. मग प्रल्हादने माझ्या मरणाची वाट पाहिली असती. सभ्यपणे पाहिली असती, दर रविवारी फोन करून तब्येत विचारली असती, पण वाट पाहिलीच असती. त्याला खोडून काढणारी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, आणि ती म्हणजे आपला वाद. तो हरल्याशिवाय ती वापरता येत नव्हती. कोल्ला म्हणाले म्हणून सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बिचारी, ऐकणाऱ्याची चूक. म्हणजे माणिक्कम्ची. आणि सेल्वी तिथेच होती, मागच्या दारापाशी हात धूत होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "प्रल्हादा, मारायला तुझ्या अप्पानं सांगितलं नाही. मी सांगितले."

कोणाला काही कळलं नाही.

"मी कोल्लु म्हणून ओरडले. तमिळीत. माणिक्कम्नं मी सांगितलं तें केलं. बाबांपुढे अण्णानं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊं दिले."

चुलत वहिनींच्या हातातला विडा हातातच राहिला. प्रल्हादने विचारलं, "मग अप्पांनी काय केलं होतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"माती टाकून बीळ बुजवत होता. पाठ करून."

"मग इतकी वर्षं तें तिडल..."

"प्रायश्चित्त माझं होतं," मी म्हटलं, "आणि मी अजून जिवंत आहें. तुझ्या अप्पाला काही फेडायचं नव्हतं. त्यानं उगीच राखलं. त्याला आवडत होतं म्हणून राखलं. तें संपत नसतं, कोणी संपवल्याशिवाय."

प्रल्हाद खाली बघत बसला. तुझी सवय, अंगठ्याने नखं चाचपायची. मग त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाला, "मी त्याला नाही म्हणून कळवतों. पण आत्या, उंदरांचं काय करायचं?"

दारातून सेल्वी तमिळमध्ये म्हणाली, "किट्ट्या आहेत की. तुम्ही फक्त बांबू नवे आणून द्या. जुने सगळे सारनी वापरून वापरून संपवले." आणि ती जाताना माझ्यापाशी थांबली. तिने काही विचारलं नाही. मला वाटतं, तिला तिच्या बापाने सांगितलेलं होतं. काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. तुझीच शिकवण.

तर तिडल राहिलं. आता संतपणही तुझ्याकडून गेलं आणि पापही. गावात उद्यापासून लोक माझ्याकडे बघून कुजबुजतील, आणि खुशाल कुजबुजू देत. तुझं नाव धुतलं म्हणून आभार मानायची गरज नाही. मी ते तुझ्यासाठी केलं नाही.

आणि वर बसून जिंकल्याची शेखी मिरवत असशील तर थांब. मी काल तेरा माणसांसमोर खोटं बोलले. केवड्यातल्या त्या जनावरांसाठी बोलले, तुझ्या मुलासाठी बोलले, माणिक्कम्च्या मुलीसाठी बोलले. तू हे उद्या पुराव्यात धरायचं नाहीस. मी कोल्लाच म्हणाले होते. मरेपर्यंत कोल्लाच म्हणेन, आणि तुला भेटले की पहिला शब्द तोच असेल.

फक्त एक गोष्ट तुला सांगून टाकते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. काल सगळ्यांसमोर मी कोल्लु हा शब्द मोठ्याने उच्चारला, आयुष्यात पहिल्यांदा असं मला वाटत होतं. पण अण्णा, तो माझ्या तोंडाला नवा वाटला नाही. एवढंच. याच्यापुढे मी एक अक्षर कबूल करणार नाही.